‘भाई के घर गई तो तलाक’: अटीचा तलाक आणि परत नांदण्याची वाट

“भाई के घर गई तो तलाक.”

भांडणाच्या भरात हे वाक्य एका दमात तोंडातून निघतं. बोलणारा संध्याकाळपर्यंत विसरूनही जातो, ऐकणारीला मात्र ते विसरता येत नाही. सासर नागपुरात टेक्याला, भावाचं घर कामठीत, ऑटोनं फार तर पाऊण तासाचा रस्ता. भाचीचं लग्न ठरतं, आई आजारी पडते, ईद येते, आणि दरवेळी तोच प्रश्न उभा राहतो: गेले तर संसार मोडेल का? नवराही आता म्हणतो, “जा ना, तेव्हा रागात बोललो होतो.” पण बोललेलं असं परत घेता येतं का? शेजारच्या आपा म्हणतात, तलाक पडेलच. मोबाइलवर कुठल्या तरी मौलानांचं बयान ऐकलं तर ते म्हणतात, पडत नाही.

मी नागपुरात कौटुंबिक प्रकरणांत वकिली करते. अशा वाक्यात अडकून आलेल्या बायका ‘मला तलाक हवा’ असं सांगायला आलेल्या नसतात. ‘माझा तलाक झाला की नाही’ एवढंच त्यांना कळून घ्यायचं असतं. एखाद्या बाईला स्वतःचं लग्न शाबूत आहे की नाही हेच ठाऊक नसावं, याहून मोठी घालमेल कोणती? तिहेरी तलाकवर गेल्या काही वर्षांत एवढी चर्चा झाली, पण या अटीच्या तलाकवर, म्हणजे ज्याला काजीसाहेब ‘तलाक-ए-मुअल्लक’ म्हणतात त्यावर, मराठीत कुणी फारसं सोपं करून लिहीत नाही. म्हणून हा लेख.

आधी साधा, बिनअटीचा तलाक

अटीचं कोडं सुटायचं तर आधी साध्या तलाकची रचना ध्यानात घ्यावी लागते. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, २२९वी आयत सांगते की तलाक दोन वेळा. त्यानंतर एक तर भलेपणानं ठेवून घ्या, नाही तर भलेपणानं सोडा. म्हणजे नवऱ्याच्या हाती एकूण तीन तलाक आहेत, आणि पहिल्या दोघांनंतर परतायला जागा ठेवली आहे.

सर्वात चांगली मानलेली पद्धत अशी: बायकोची पाळी संपून ती पाक झालेली असताना, त्या काळात संबंध आलेला नसताना, नवऱ्यानं एकदाच तलाक म्हणावं आणि थांबावं. मग इद्दत, म्हणजे थांबण्याची ठरलेली मुदत, सुरू होते. पाळी येणाऱ्या बाईसाठी तीन पाळ्या, न येणारीसाठी तीन महिने, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. याला तलाक-ए-अहसन म्हणतात. तीन वेगवेगळ्या पाक काळांत एकेक करून तलाक म्हटला तर तो तलाक-ए-हसन. एकाच बैठकीत तीन म्हणून मोकळं होणं म्हणजे तलाक-ए-बिद्दत. पूर्वापार फकीह मंडळी, म्हणजे इस्लामी कायद्याचे पंडित, त्याला गुनाह म्हणत आली, आणि तरीही लागू मानत आली.

पहिल्या किंवा दुसऱ्या तलाकनंतर इद्दत चालू असेपर्यंत लग्न पूर्ण तुटलेलं नसतं. या काळात दोघांपैकी एक मरण पावलं तर दुसऱ्याला वारसा मिळतो, इतकं ते नातं जिवंत असतं. नवरा या दिवसांत बायकोला परत घेऊ शकतो. यालाच रुजू करणं म्हणतात. नवा निकाह नको, नवा मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, नको. इद्दत उलटून गेली की मात्र नातं तुटतं. तरी दोघांची इच्छा असेल तर नव्या मेहरनं नवा निकाह लावून ती पुन्हा एकत्र येऊ शकतात. तिथे बायकोची खुली संमती लागते, ती ‘नाही’ म्हणाली तर विषय संपला. तिसरा तलाक झाला की हीही वाट बंद. मग त्या बाईचं दुसऱ्या कुणाशी खरंखुरं लग्न होऊन, तो नवरा वारला किंवा त्यानं आपणहून सोडलं, तरच पहिल्याशी पुन्हा निकाह होऊ शकतो. ठरवून, एका रात्रीपुरता लावलेला हलाला हा या नियमाचा विपर्यास आहे. असा निकाह करणारा आणि करवून घेणारा, दोघांवरही हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, लानत (शाप) आहे. कुणी बाईला ‘हलाला करून घे, मग सगळं ठीक होईल’ असं सांगत असेल तर तिनं तिथून उठावं, असं मी स्पष्टच सांगते.

या सगळ्या रचनेत मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट इद्दतच्या दिवसांतल्या राहण्याची आहे. पासष्टाव्या सूरेची पहिलीच आयत म्हणते की इद्दत मोजा, आणि त्यांना त्यांच्या घरांतून बाहेर काढू नका, त्यांनीही निघून जाऊ नये. ‘त्यांच्या घरांतून’ हे शब्द आयतीतले आहेत. पुढे तिथेच कारणही येतं: कोण जाणे, यानंतर अल्लाह एखादी नवी गोष्ट घडवून आणेल. म्हणजे तलाक दिल्यावरही बाईनं त्याच घरात राहायचं, नवऱ्यानं तिचा खर्च करायचा, आणि राग ओसरायला साधारण तीन महिने मिळायचे. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. तलाक शब्द निघाला की त्याच संध्याकाळी दोन बॅगा आणि लेकरं घेऊन ती माहेरी पोचवली जाते. मग मधे पडतात भाऊ, मेहुणे, व्हॉट्सॲपवरचे ऑडिओ. ज्या काळात दोघांनी एका छताखाली राहावं म्हणून इतका विचार केला आहे, तो काळ दोन मोहल्ल्यांत वाटला जातो. मग रुजू व्हायचा कसा?

अट घातली की काय बदलतं

आता मूळ वाक्याकडे येऊ. पहिली गोष्ट, नवरा नेमकं काय बोलला? “गई तो तलाक दे दूँगा” आणि “गई तो तलाक” या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं भविष्याबद्दलची धमकी आहे. बायको गेली तरी त्यानं आपोआप काही होत नाही. त्याला पुढे तलाक द्यायचाच असेल तर वेगळा उच्चार करावा लागेल. दुसऱ्या वाक्यात तलाक देऊन टाकला आहे, फक्त तो एका घटनेवर टांगून ठेवला आहे. माझ्याकडे आलेल्या बाईला मी सर्वात आधी हेच विचारते, आणि तिला तो शब्द जसाच्या तसा, हिंदी-उर्दूत जसा निघाला तसा, कागदावर लिहायला सांगते. कोण कोण ऐकत होतं, कोणत्या तारखेला, कशावरून भांडण चाललं होतं, तेही. वकिलाला आणि फतवा देणाऱ्या मुफ्तींना, दोघांनाही हाच कागद लागतो. आठवणीवर सोडलं की सहा महिन्यांनी प्रत्येकाचं वाक्य वेगळं होतं.

भारतातल्या बहुतेक सुन्नी मुसलमानांप्रमाणे नागपुरातलेही बहुतेक सुन्नी हनफी मताचे. हनफी फिकहचं, म्हणजे इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेतल्या कायदेशास्त्राचं, म्हणणं कडक आहे: अट घातली आणि ती पूर्ण झाली की तलाक पडला. नवऱ्याला नंतर पश्चात्ताप झाला तरी घातलेली अट तो परत घेऊ शकत नाही. ‘एक तलाक’ म्हटलं असेल तर एक पडतो, तो परत घेता येण्याजोगा असतो, आणि इद्दत अट पूर्ण झाल्या दिवसापासून मोजायची. बाकीचे तिन्ही सुन्नी मजहब, म्हणजे कायद्याचे पंथ, शाफई, मालिकी आणि हंबली, मूळ मुद्द्यावर याच बाजूचे आहेत.

पण याच कडक चौकटीत बारकावे खूप आहेत आणि ते सर्वसामान्यांपर्यंत पोचत नाहीत. एक उदाहरण घ्या. बायको रागानं बुरखा चढवून दाराकडे निघाली आहे आणि नवरा ओरडतो, “बाहर निकली तो तलाक.” ती थबकते, परत येऊन बसते. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला बाहेर पडते. तलाक पडला का? नाही. इमाम अबू हनीफा यांच्या मतानुसार अशा वाक्याचा रोख त्या क्षणाच्या बाहेर पडण्यापुरता असतो. तो क्षण टळला की अटही गेली. याला यमीन-ए-फौर म्हणतात. असं असूनही त्या एका वाक्यापायी वर्षभर उंबरठा न ओलांडणाऱ्या बायका असतात.

तसंच ‘माझ्या परवानगीशिवाय गेलीस तर’ असं म्हटलं असेल तर परवानगी घेऊन गेल्यावर अट पूर्ण होतच नाही. ‘गेलीस तर’ असं म्हटलं असेल तर ती एकदाच लागू होते आणि संपते. ‘जितक्या वेळा जाशील तितक्या वेळा’ असं म्हटलं असेल तर गोष्ट फार अवघड. वाक्याला लागूनच ‘इन्शाअल्लाह’ जोडलं असेल तर हनफी मतात तलाक पडत नाही.

सर्वात कठीण प्रसंग म्हणजे “भाई के घर कभी भी गई तो तीन तलाक”. हनफी मतानं ती गेली की तिन्ही एकदम. यातून सोडवायला जुन्या फकीहांनी एक मार्ग सांगून ठेवला आहे. नवऱ्यानं आधी एक साधा तलाक द्यावा, इद्दत पूर्ण होऊ द्यावी, मग ती बायको राहिलेली नसताना भावाच्या घरी जाऊन यावी. अट पूर्ण झाली, पण तलाक पडायला लग्नच नाही, म्हणून ती अट फुकट गेली. त्यानंतर दोघांनी नव्या मेहरनं पुन्हा निकाह करावा. नवऱ्याकडे आता दोन तलाक शिल्लक. हे वाचताना मला दोन गोष्टी एकदम जाणवतात. नियम न मोडता घर वाचवण्यासाठी त्या विद्वानांनी किती डोकं लढवलं आहे. आणि दुसरी अशी की सख्ख्या भावाच्या घरी जाण्यासाठी एका बाईला स्वतःचं लग्न मोडून, तीन पाळ्या मोजून, पुन्हा नवरी व्हावं लागतं. चूक ज्याची, त्याला या सगळ्यात काय सोसावं लागलं?

सगळेच असं मानत नाहीत

तेराव्या-चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी नेमका हाच प्रश्न विचारला: बोलणाऱ्याच्या मनात काय होतं? त्याला खरोखर ती घटना घडल्यावर लग्न संपवायचं होतं, की बायकोला फक्त अडवायचं, धाक घालायचा होता? पहिलं असेल तर तलाक पडेल. दुसरं असेल तर तो तलाक नव्हेच, ती एक शपथ झाली. शपथ मोडली तर त्याची भरपाई कुराणाच्या पाचव्या सूरेतल्या ८९व्या आयतीत सांगितली आहे: दहा गरिबांना जेवू घालणं किंवा कपडे देणं किंवा गुलाम मुक्त करणं, आणि ते झेपत नसेल तर तीन दिवसांचे रोजे. ही भरपाई नवऱ्यानं करायची, ही गोष्ट मला फार न्याय्य वाटते. या मतापायी इब्न तैमियांना तुरुंगात जावं लागलं होतं. त्यांच्याही आधी, अकराव्या शतकात, अंदालूसचे, म्हणजे मुस्लिम स्पेनचे, इब्न हज्म अटीचा तलाक मुळात मानतच नव्हते.

शियांच्या जाफरी फिकहमध्ये तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे तलाक बिनअटीच असावा लागतो, ठरलेल्या शब्दांत आणि दोन सचोटीच्या साक्षीदारांसमोर. स्वयंपाकघरात भांडताना घातलेल्या अटीला तिथे काही किंमत नाही.

आणि हे जुन्या किताबांतच राहिलेलं नाही. इजिप्त हा सुन्नीबहुल देश. तिथल्या १९२९ सालच्या २५ क्रमांकाच्या कायद्यानं ठरवलं की एखादी गोष्ट करायला लावण्यासाठी किंवा करू न देण्यासाठीच घातलेला अटीचा तलाक लागू होणार नाही. सीरियानं १९५३च्या कायद्यात तेच केलं. म्हणून ‘असं मानलं तर दीन बुडेल’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याला हे शांतपणे दाखवावं. हा बदल इस्लामी विद्वानांच्याच मतावर उभा आहे.

भारतातलं न्यायालय काय म्हणेल

आपल्याकडे १९३७च्या शरीयत कायद्यानं मुसलमानांच्या लग्न-तलाकाला शरीयत लागू केली, पण तिचे नियम कलमवार लिहून काढले नाहीत. त्यामुळे वकील आणि न्यायाधीश दिनशा मुल्ला या कायदेपंडितांच्या मुस्लिम कायद्यावरच्या जुन्या ग्रंथाकडे वळतात. त्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्या संपादित करणारे मोहम्मद हिदायतुल्ला हे आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. १९५४ साली ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, पुढे देशाचे सरन्यायाधीश. सुन्नी नवरा भविष्यातल्या घटनेवर अवलंबून तलाक देऊ शकतो, हे सूत्र अशा ग्रंथांतून कोर्टापर्यंत आलं आहे.

पण त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं. २००२ साल यात महत्त्वाचं. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठानं दगडू पठाण प्रकरणात सांगितलं की ‘मी तलाक दिला होता’ एवढं उत्तरात लिहून चालणार नाही. तो दिला कधी, का, आधी समेटाचा प्रयत्न झाला का, हे सगळं नवऱ्यानं पुराव्यानं सिद्ध करायला हवं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही शमीम आरा प्रकरणात तेच धोरण धरलं: तलाकला रास्त कारण हवं, आणि त्याआधी दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ नेमून समेटाचा प्रयत्न झालेला हवा. मग २२ ऑगस्ट २०१७ला शायरा बानो प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी तिहेरी तलाक रद्द झाला. २०१९च्या कायद्यानं तो बेकायदा तर ठरवलाच, शिवाय तो देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली.

मग “गई तो तीन तलाक” याचं काय? २०१९च्या कायद्यात अटीच्या तलाकचा वेगळा उल्लेख नाही. पण त्याची व्याख्या तलाक-ए-बिद्दत ‘किंवा तत्काळ व परत न घेता येणारा परिणाम करणारा तत्सम कोणताही तलाक’ अशी आहे. अट पूर्ण होताच तिन्ही एकदम पडतात असं म्हणणं म्हणजे तत्काळ आणि परत न घेता येणारा परिणामच नव्हे का? माझ्या वाचनाप्रमाणे तो या व्याख्येत बसतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं लग्न तसंच उभं राहतं. आणि एकाच तलाकची अट असेल तर २००२चे निकाल आडवे येतात. भावाच्या घरी जाणं हे रास्त कारण कसं? आणि मध्यस्थ कुठे बसले होते?

पण फक्त कोर्टाचा कागद दाखवून बाईचं मन शांत होत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तिला नमाज पढायची असते, नवऱ्याबरोबर राहणं अल्लाहच्या नजरेत जायज आहे का याची तिला काळजी असते. ती काळजी खरी आहे, तिला हसू नये. म्हणून मी वकील असूनही मुफ्तींना विचारायला नको म्हणत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं: २०१४ साली विश्वलोचन मदन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फतव्याला किंवा दारुल-कजाच्या, म्हणजे काजींच्या धार्मिक पंचायतीच्या, निवाड्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही. तो सल्ला आहे. आणि सल्ला घ्यायला जाताना नवऱ्याला सोबत न्यावं, कारण त्याच्या नियतचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. बायकोला एकटीला पाठवून ‘तू विचारून ये, आपला तलाक झाला का’ म्हणणारे नवरे असतात. हे थांबायला हवं.

रुजू कसा करायचा

समजा तलाक पडला असं दोघांनी मानलं, आणि तो पहिला किंवा दुसरा आहे. इद्दत चालू आहे. हनफी मतात ‘मी तुला परत घेतलं’ असं म्हणणं पुरेसं, किंवा नवरा-बायको म्हणून वागायला लागणंही पुरेसं. शाफई मतात मात्र शब्द बोलावे लागतात. पासष्टाव्या सूरेच्या दुसऱ्या आयतीत दोन साक्षीदार ठेवा असं सांगितलं आहे. हनफी मतात ते सक्तीचं नाही, पण मी सर्वांना ते करायलाच सांगते, आणि लिहूनही ठेवायला सांगते. कारण चार वर्षांनी दुसरं भांडण झालं की ‘तेव्हा परत घेतलंच नव्हतं’ म्हणायला माणूस मागे-पुढे पाहत नाही.

रुजूचा हक्क नवऱ्याला आहे, पण तो मोकाट नाही. जुन्या काळी अरबस्तानात नवरे तलाक द्यायचे, इद्दत संपत आली की परत घ्यायचे, पुन्हा तलाक द्यायचे. बाई ना नांदती ना मोकळी. हाच छळ बंद करण्यासाठी परतीला दोनची मर्यादा घातली गेली. आणि दुसऱ्या सूरेची २३१वी आयत बजावते की त्रास देण्यासाठी त्यांना अडवून ठेवू नका. २२८व्या आयतीत परत घेण्याचा हक्क देतानाच ‘जर त्यांना सुधारणा हवी असेल तर’ हे शब्द घातले आहेत. पोटगीचा दावा टाळण्यासाठी केलेला रुजू या कसोटीला उतरत नाही.

समेटाची रीतही कुराणानं सांगितली आहे. चौथ्या सूरेची ३५वी आयत: एक पंच त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा. आपल्याकडे बैठक बसते ती कशी? जमातीचे दहा-बारा पुरुष, मुलीचे वडील मान खाली घालून, आणि जिच्या संसाराचा प्रश्न आहे ती आतल्या खोलीत. एवढी गर्दी नको. दोनच माणसं हवीत, जी दोघांचं ऐकून घेतील. तिच्या बाजूची पंच तिची मावशी किंवा मोठी बहीण असली तर फार उत्तम, असं माझं मत. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं नववं कलम न्यायालयालाही आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगतं, त्यासाठी तिथे समुपदेशक असतात. नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्येही अशा जोडप्यांना बसवून बोलतात. २०१९च्या कायद्याखाली तक्रार झाली असली तरी बायकोची इच्छा असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनं ती मिटवता येते.

एक मात्र सांगते. जिथे मारहाण आहे तिथे ‘घर वाचवा’ म्हणून तिला परत ढकलू नये. तिथे आधी २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण, मग बाकीचं बोलणं. तिला लग्नच नको असेल तर बायकोच्या मागणीवरून होणारा ‘खुला’ आहे, दोघांच्या संमतीचा ‘मुबारात’ आहे, आणि नवरा अडून बसला तर १९३९च्या कायद्यानं कोर्टातून मिळणारा घटस्फोट आहे. दोन वर्षं खर्च दिला नाही हे एकटं कारणही तिथे चालतं. पोटगीचा प्रश्न तर शाहबानोच्या खटल्यापासून गाजतो आहे. १० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की सर्वांना लागू असलेल्या पोटगीच्या तरतुदीचा आधार मुस्लिम बाईलाही घेता येतो.

हीच अट बायकोच्या बाजूनं

ज्या हनफी नियमानं ‘गई तो तलाक’ एवढं जड केलं, त्याच नियमात बाईचं मोठं संरक्षण दडलेलं आहे, आणि आपल्या मोहल्ल्यांत ते जवळपास कुणी वापरत नाही. नवरा आपला तलाकचा अधिकार बायकोला सोपवू शकतो. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. निकाहनाम्यात अट लिहायची: त्यानं मारहाण केली, सलग सहा महिने खर्च दिला नाही, किंवा दुसरं लग्न केलं, तर बायको स्वतःवर एक तलाक लागू करून घेऊ शकेल. नवऱ्याचा अधिकार जात नाही, फक्त बायकोच्या हातीही एक किल्ली येते. यात आणि अटीच्या तलाकमध्ये फरक हा की इथे घटना घडली तरी आपोआप काही होत नाही. वापरायचं की नाही ते ती ठरवते. कलकत्ता उच्च न्यायालयानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच असे करार वैध ठरवले आहेत.

शेजारी देशांकडे पाहा. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या छापील निकाहनाम्यात अठरावा रकानाच याचा आहे: नवऱ्यानं बायकोला तलाकचा अधिकार दिला आहे का, कोणत्या अटींवर? इंडोनेशियात निकाहनंतर नवरा तालीकची, म्हणजे अटीच्या तलाकची, वाक्यं म्हणतो: मी सलग दोन वर्षं सोडून गेलो, तीन महिने खर्च दिला नाही, शारीरिक इजा केली, किंवा सहा महिने दुर्लक्ष केलं, आणि बायकोनं धार्मिक न्यायालयात जाऊन तक्रार केली, तर एक तलाक पडेल. तिथे आपल्यासारखीच साधी, धर्म पाळणारी माणसं हे करतात. मग टेक्यात आणि जाफर नगरात का होऊ नये?

लिहिताना शब्द जपून वापरावे लागतात. हनफी मतात नुसतं ‘मी तुला तलाकचा अधिकार दिला’ म्हटलं तर तो त्या बैठकीपुरताच राहतो, ती उठली की संपतो. म्हणून ‘वरीलपैकी काहीही घडल्यास, त्यानंतर जेव्हा केव्हा तिची इच्छा होईल तेव्हा’ असं स्पष्ट लिहायचं. एकच तलाक लिहायचा, तीन नाही. आणि हे बोलणं निकाहच्या दिवशी हॉलमध्ये, जेवणाची घाई चालू असताना काढायचं नसतं. मेहर ठरतो त्या बैठकीतच मुलीच्या वडिलांनी हे मांडावं आणि कागद काजीसाहेबांना आधी दाखवावा. लग्न होऊन गेलं असेल तरी बिघडत नाही. तफवीज नंतरही करता येते, आणि रुजूच्या वेळी ती मागून घ्यायला याहून योग्य वेळ नाही.

म्हणूनच समेटाचा कागद करताना मी त्यात या गोष्टी घालते: तलाकचे नेमके शब्द आणि तारीख, तो कितवा मानला, रुजूची तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या, आता किती तलाक शिल्लक आहेत ते, माहेरी जाण्यायेण्यावर इथून पुढे कसलीही अट राहणार नाही असं नवऱ्याचं लेखी म्हणणं, आणि त्याखाली तफवीजचा परिच्छेद. एक प्रत तिच्याकडे राहते, सासूबाईंच्या कपाटात नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमानं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात करायचा.